होल्ड बॅकचा अर्थ

“होल्ड बॅक म्हणजे पाठ धरणे,” मार्सेल मास्तरांनी सांगितलं आणि आठवीच्या बत्तीस मुलांनी ते मुकाट्यानं वहीत उतरवलं.

उदाहरणही त्यांनीच दिलं. म्हातारा जिना चढताना पाठ धरतो. द ओल्ड मॅन होल्ड्स बॅक. मास्तरांनी स्वतः कण्हत चढून दाखवलं. मुलं हसली.

द्वारकाचा हात वर झाला. “मास्तर, पुढच्या धड्यात आहे, ‘ही हेल्ड बॅक द ट्रूथ.’ म्हणजे त्यानं सत्याची पाठ धरली?”

“पुढच्या धड्याचं पुढच्या धड्यात! खाली बस!”

द्वारका खाली बसली. बावीस वर्षांत मास्तरांनी कुणावर आवाज चढवला नव्हता.

मास्तर खरे मराठीचे आणि गणिताचे. आगाशीच्या त्या शाळेतले इंग्रजीचे शिक्षक दिवाळीनंतर मुंबईला निघून गेले, तेव्हा हेडमास्तरांनी आठवीचा तास त्यांच्या गळ्यात घातला. “तुम्ही ख्रिस्ती माणसं. तुम्हाला इंग्रजी काय शिकवायचं?” मास्तर हसून हो म्हणाले होते. मॅट्रिकला आपण इंग्रजीतच एकदा आपटलो होतो, हे काही त्यांच्या तोंडून निघालं नाही.

त्या संध्याकाळी ते चर्चमध्ये फादरांकडे गेले आणि जाडजूड शब्दकोश मागून घेतला. आवरणे. रोखून धरणे. मनात ठेवणे, न सांगणे. पाठीचा कुठं पत्ताच नव्हता. मास्तरांचे कान गरम झाले.

उद्या वर्गात सांगून टाकू, असं ठरवून ते घरी आले. दुसऱ्या दिवशी टेबलापाशी उभे राहिले, घसा खाकरला आणि म्हणाले, “पान चाळीस काढा.” तिसऱ्या दिवशी तेच. पुढच्या आठवड्यात तो सत्याचा धडा आला, तर त्यांनी तो गाळूनच टाकला. आश्चर्य म्हणजे कुणी काही विचारलं नाही. द्वारकानंही नाही. पोरं विसरली, असं समजून त्यांनी सुटकेचा श्वास सोडला.

वार्षिक परीक्षेचा पेपर हेडमास्तरांनी काढला. त्यात प्रश्न होता, वाक्यात उपयोग करा : होल्ड बॅक. गुण दोन.

मास्तर ओटीवर पेपर तपासायला बसले. पहिल्या पेपरात आजोबांनी पाठ धरली होती. दुसऱ्यात बैलानं. तिसऱ्यात, चौथ्यात, सगळीकडे कुणी ना कुणी पाठ धरून उभं होतं. एकतीस पेपरांत हेच. फक्त द्वारकानं लिहिलं होतं, ‘शी हेल्ड बॅक हर टिअर्स.’ तिनं डोळ्यांतलं पाणी आवरलं.

मास्तर त्या एका ओळीकडे बघत बसले. तिला दोन गुण द्यायचे, तर बाकीच्या एकतीस जणांना शून्य द्यावं लागणार. मग पालक विचारणार, हेडमास्तर विचारणार, हा अर्थ शिकवला कुणी?

त्यांनी एकतीस जणांना दोन-दोन गुण दिले. द्वारकाच्या वाक्यावर लाल रेघ मारली.

निकाल लागला. जोसेफ पहिला आला, द्वारका एका गुणानं दुसरी.

जूनमध्ये शाळा उघडली, तेव्हा नववीच्या वर्गात ती नव्हती. मास्तरांनी चौकशी केली. शेजारच्या बाकावरची सुशीला म्हणाली, “तिच्या बाबांनी सांगितलं होतं, पहिली आलीस तर पुढं शिक, नाहीतर घरी बस. आता वाडीत काम करते.”

मास्तरांना त्या दिवशी जेवण गेलं नाही. बायकोनं, इनेझनं, दोनदा विचारलं, तेव्हा त्यांनी सगळं सांगितलं.

“मला सांगून काय होणार?” ती एवढंच म्हणाली. “मी काय त्या पोरीची हेडमास्तर आहे?”

दुसऱ्या दिवशी मास्तर हेडमास्तरांसमोर उभे राहिले. खाली मान घालून, पण काही न गाळता बोलले. हेडमास्तर चिडले, लाज काढली, इंग्रजीचा तास काढून घेतला. पण निकाल दुरुस्त करून कागदावर सहीही करून दिली. द्वारका पहिली.

तो कागद घेऊन मास्तर भर उन्हात द्वारकाच्या बाबांच्या, गंगारामच्या केळीच्या वाडीत आले. द्वारका पाट वळवत होती. अंगावर चिखल उडालेला. मास्तरांना बघून ती लगबगीनं पुढे आली.

“बसा मास्तर, पाणी आणतो,” गंगाराम म्हणाला.

“नको गंगारामभाऊ. आधी ऐका.” मास्तरांनी उभ्यानंच सांगायला सुरुवात केली. चुकीचा अर्थ, शब्दकोश, गाळलेला धडा, लाल रेघ. “तुमच्या मुलीचं उत्तर बरोबर होतं. मला माहीत होतं. माझी अब्रू झाकायला मी ते चूक ठरवलं. पहिली तीच आहे. तिला शाळेत पाठवा.”

गंगारामनं कागद उलटसुलट करून पाहिला. त्याला वाचता येत नव्हतं, पण शिक्का ओळखता येत होता. “पहिली ना? मग उद्यापासून जाईल. मी शब्द दिला होता.”

मास्तर द्वारकाकडे वळले. तिच्याकडे सरळ बघण्याचं त्यांना धाडस होईना. त्यांनी हात जोडले.

“पोरी, मला माफ कर.”

द्वारका गोंधळली. बापाकडे बघितलं, मग चिखलानं माखलेल्या आपल्या हातांकडे.

“मास्तर, चूक माझीच आहे,” ती खालच्या आवाजात म्हणाली. “मामानं मला खरा अर्थ दुसऱ्याच दिवशी सांगितला होता. मी सगळ्या वर्गाला सांगितला. तुम्ही रोज काहीतरी सांगायला उभे राहायचात आणि तुमच्या तोंडून निघायचं नाही. आम्हाला बघवेना. म्हणून आम्ही बत्तीस जणांनी ठरवलं होतं, परीक्षेत आलं तर पाठ धरणेच लिहायचं. ऐन वेळी मीच विसरले.”