औषध घेतलं

अकोल्याच्या डॉक्टरनं तेल्हाऱ्याच्या कुलदीपची डिप्रेशनची जुनी गोळी बंद करून नवी दिली, तर हा गडी नवीला हातच लावेना. "एकीनं काई झालं नाई, दुसरीनं काय होते?" म्हणायचा आणि भिंतीकडे तोंड करायचा. चार दिवस ना जुनी, ना नवी. बायको पौर्णिमा त्याच्या उशाशी जागत बसलेली. पाचव्या दिवशी सकाळी त्यानं मुकाट्यानं गोळी गिळली, तशी तिनं हरखून अमरावतीला नणंदेला फोन लावला, "ताई, यायनं औषध घेतलं!" पलीकडे हंबरडा फुटला नि फोन कटला. पौर्णिमाला वाटलं, आनंदानं रडल्या.

वऱ्हाडात औषध घेतलं म्हणजे फवारणीचं विषच प्यायलं, हे तिच्या ध्यानात आलं ते दुपारी, जीपभर नातेवाईक रडत उतरले तेव्हा. मामांनी तर वाटेत पांढरं कापडही घेतलं होतं, ऐनवेळी धावपळ नको म्हणून. दारात उभा कुलदीप पाहून सारे आधी दचकले, मग हसले, मग चहाला बसले.

कुलदीप तेवढा हसला नाही. हळूच पौर्णिमाला म्हणाला, "एकानंबी इचारलं नाई वं, कोनतं औषध."