पहिलं मत

आयर्लंडमधल्या मेनूथच्या विद्यापीठात शर्वाणीचा प्रबंध चालला होता, अमेरिकेतल्या एका राज्याच्या गव्हर्नर निवडणुकीवर, तीही सत्तर वर्षांपूर्वीची. निकालाचे आकडे चाळून चाळून डोळे शिणले, तेव्हा कुठे तिने निष्कर्षाचं एक वाक्य लिहिलं: ‘शेतावरच्या बायका मतदानाला फिरकल्याच नाहीत, त्यांना राजकारणात रस नव्हता.’ तिचे मार्गदर्शक सर ते वाचून म्हणाले, "ग्रँड," म्हणजे इथल्या बोलीत ‘छान’.

त्या शुक्रवारी गावात कौन्सिलची निवडणूक होती. नागरिकत्व नसलं तरी इथे राहणाऱ्याला त्यात मत देता येतं, त्यामुळे शर्वाणीचं आयर्लंडमधलं हे पहिलंच मत. महिनाभर ती नवऱ्याला बजावत होती, "हृषी, त्या दिवशी सुट्टी घे हं." पण ऐनवेळी त्याला टॅलाच्या हॉस्पिटलात ड्यूटी लागली. मतदान शाळेत, म्हणून लेकीला सुट्टी, आणि धाकट्याला सकाळपासून ताप. तरी दुपारी ती दोघांना घेऊन निघाली. अर्ध्या वाटेवर धाकटा बाबागाडीत भडाभडा ओकला, तशी ती मागे फिरली. संध्याकाळी तो तिच्या मांडीवर कसाबसा झोपला, आणि मतदान संपेपर्यंत तिला जागचं हलता आलं नाही.

दुसऱ्या दिवशी ती कपडे वाळत घालत असताना शेजारच्या ब्रीडाबाईंनी कुंपणावरून विचारलं, "काल शाळेत दिसली नाहीस गं?" शर्वाणीने सांगायला तोंड उघडलं, तोवर बाईच मायेने म्हणाल्या,

"असू दे. तुला कुठे असणार राजकारणात रस."