गाडी अडवली तेव्हा

कचरा डेपोच्या फाटकाशी बायका रस्त्यावर ठिय्या मारून बसल्या होत्या, आणि सगळ्यांत पुढे कचरागाडीच्या ड्रायव्हरची स्वतःचीच बायको होती, खोकणाऱ्या मुलीला मांडीवर घेऊन.

"अहो, गाडी मागे घ्या," ती म्हणाली. "ओला-सुका सगळा एकत्र आणून ओतता. तो कुजतो, पेटतो आणि धूर आमच्या घरात शिरतो. हिला श्वास घेता येत नाही."

"मी का कालवतो तो? लोक देतात तसा आणतो," तो खालच्या आवाजात म्हणाला.

"ते लोक इथे राहत नाहीत. आपण राहतो."

साहेबांचा फोन वाजतच राहिला. त्यानं भरलेली गाडी तशीच मागे वळवली आणि संध्याकाळपर्यंत नोकरी गेली.

दुसऱ्या दिवशी तोही बायकोशेजारी रस्त्यावर येऊन बसला. आता काही झालं तरी हटायचं नाही, असं त्यानं मनाशी पक्कं केलं होतं. गाडी आली. चालवायला त्याचाच जुना जोडीदार होता. त्यानं हॉर्न वाजवला नाही की तो खाली उतरला नाही.

"दादा," जोडीदार खिडकीतून म्हणाला, "माझ्याही घरी लेकरं आहेत."

बायकोनं नवऱ्याचा हात घट्ट धरला. त्यानं तो हळूच सोडवला, मुलीला उचलून घेतलं, आणि सगळ्यांच्या आधी तोच बाजूला झाला.