दाइफुकुचा बाक

निइगाता शहरातून आलेलं वाचकाचं पत्र चित्रकथाकार आन्झाई सेन्सेईंनी मोठ्यानं वाचायला घेतलं आणि निम्म्यातच पोट धरून हसायला लागले.

"चिझुरू-चान, ऐक, तुझं कौतुक आलंय! बारा वर्षांची पोरगी आहे. 'मी चालायला लागले की वर्गातली मुलं मागून दाइफुकुसारखं धप्प, धप्प असं ओरडतात. तुमच्या चित्रकथेत त्या धप्पची अक्षरं फार सुंदर असतात. ती कोण काढतं?' घे, जपून ठेव हो!"

मदतनीस चिझुरूनं पत्र घेतलं. चुकलेले शब्द खोडरबरानं खोडून पुन्हा नीट लिहिलेले होते. ती अक्षरं चिझुरूच काढत होती, जाड कुंचल्यानं, सहा वर्षं, दर आठवड्याला. तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण चिडायचं कोणावर, सेन्सेईंवर की स्वतःच्या उजव्या हातावर, हे तिला ठरवता येईना.

दाइफुकु म्हणजे सेन्सेईंच्या चित्रकथेतली लठ्ठ मुलगी. नावही तांदळाच्या गुबगुबीत मिठाईचं. हातात सदानकदा खाणं, कपाळावर घामाचे तीन थेंब. सडपातळ मैत्रिणींच्या प्रेमाच्या चिठ्ठ्या हिनं पोचवायच्या आणि शेवटच्या चौकटीत काहीतरी मोडायचं. कधी खुर्ची, कधी झोपाळा, एकदा तर अख्खा लाकडी पूल. तिलाही मन असेल, हे कोणाच्या गावीच नव्हतं. घाम कुठून कसा ओघळतो ते बघायला सेन्सेई चिझुरूलाच चार मजले चढउतार करायला लावत आणि म्हणत, "आपली घरचीच दाइफुकु!" तीही हसायची. चौतिशीतली, पंच्याण्णव किलोची बाई हसली नाही तर लोक तिला लगेच खडूस ठरवून मोकळे होतात.

चार वाजले होते. पाचला संपादक कुसाकाबे पानं न्यायला येणार होते, आणि आज सेन्सेई त्यांच्या हातात आणखी एक पाकीट देणार होते. त्यात चिझुरूची स्वतःची चाळीस पानं होती, तिची पहिली कथा. सेन्सेईंनी शब्द टाकला की ती छापून येणार हे नक्की होतं. सहा वर्षं तिनं याच दिवसाची वाट पाहिली होती.

शेवटचं पान तिच्या टेबलावर आलं. इथली कामाची रीत ठरलेली होती. माणसं सेन्सेईंनी काढायची आणि उरलेलं सगळं जग चिझुरूनं. घरं, झाडं, भांडी, बाकडी, आवाजाची अक्षरं, सगळं तिच्याकडे. पानभर एकच चौकट होती. दाइफुकु बसलेली, हातात बटाट्याचं कटलेट, आणि शेजारी शाळेतला देखणा मुलगा डोळे विस्फारून तिच्याकडे बघत होता. दोघांच्या खाली कोरा कागद, आणि त्यावर सेन्सेईंनी निळ्या पेन्सिलीनं लिहिलं होतं, 'बाक मोडतो. कडाड!'

चिझुरूनं पट्टी घेतली. चार पाय काढले, जाड, जमिनीत रोवलेले. फळ्या काढल्या. फळ्यांवरच्या लाकडाच्या रेषा काढल्या, स्क्रूंची डोकी काढली, झाडाची सावलीसुद्धा पाडली. कडाड काढलं नाही. निळी अक्षरं तिनं खोडून टाकली.

कुसाकाबे आले ते बूट न काढता दारातच उभे राहिले. खाली टॅक्सी थांबवून ठेवली होती. सेन्सेईंनी पान उचललं.

"हे काय? बाक मोडलाय कुठे?"

"नाही मोडला."

"अगं, मग विनोद कुठाय?"

"नव्हताच."

सेन्सेईंचा चेहरा लाल झाला. "त्या पोरीचं पत्र मनाला लावून घेतलंस होय! अगं, लोक प्रेमानं हसतात दाइफुकुला!"

"मीही सहा वर्षं हसले, सेन्सेई. कशी हसले ते मला विचारा."

"आत्ताच्या आत्ता मोड तो बाक!"

"माणसं तुमची, बाकडी माझी. माझं बाकडं कोणी बसलं म्हणून मोडत नाही."

सेन्सेईंनी पाकिटावर हात ठेवला. "ही चाळीस पानं मी अजून दिलेली नाहीत हं."

चिझुरू उठली, सेन्सेईंच्या हाताखालून तिनं पाकीट ओढून घेतलं आणि काखेत धरलं. याचा अर्थ काय होतो ते तिला चांगलं कळत होतं. रडू येत होतं, पण रागच एवढा होता की रडायला जागा उरली नव्हती.

"छापखाना थांबलाय, सेन्सेई," कुसाकाबे दारातून म्हणाले.

"दोन मिनिटं! मीच मोडतो." सेन्सेईंनी पांढऱ्या रंगाची बाटली उघडली, कुंचला बुडवला आणि पानावर वाकले. कुंचला तसाच हवेत राहिला. सहा वर्षांत त्यांनी साधं स्टूल काढलं नव्हतं. पाय कुठून मोडतो, फळी कुठे चिरते, काही सुचेना. पांढऱ्या रंगाचा एक थेंब टेबलावर पडला.

"मोडका बाक काढायला आधी धड बाक काढता यावा लागतो," चिझुरू म्हणाली आणि दाराकडे गेली.

कुसाकाबेंनी घड्याळ पाहिलं, पुढे वाकून पान काढून घेतलं आणि दाराच्या उजेडात धरलं.

"असंच जाऊ दे आता," ते म्हणाले. "पण हा पोरगा हिच्याकडे असा काय बघतोय?"

चिझुरू उंबऱ्याशी बसून बूट घालत होती.

"आवडली असेल," ती म्हणाली.