न उगवलेला बुधवार

बुधवारी माझं ऑपरेशन झालं आणि नवऱ्याने साधा फोनही केला नाही. तो जहाजावर इंजिनीयर आहे, पण तिथून रोज फोन लागतो. म्हणून गुरुवारी त्याचा हसरा आवाज ऐकला आणि माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

"अगं, ऐकून तर घे! भर समुद्रात एक रेषा आहे, ती ओलांडली की वार बदलतो. आम्ही नेमकी तीच ओलांडली. मंगळवारी झोपलो, उठलो तर गुरुवार! आमच्याकडे बुधवार उगवलाच नाही, मग फोन कधी करणार?"

जगात असंही असतं? टाके सांभाळत मी हसले. उगीच भडकले बिचाऱ्यावर, असं वाटलं.

उशाशी बसलेली माझी नणंद शाळेत भूगोल शिकवते. स्पीकरवरचं सगळं ऐकून तिने माझ्या हातातून फोन ओढूनच घेतला.

"दादा, जहाज कुठल्या दिशेला चाललंय?"

"पूर्वेला. का गं?"



"पूर्वेला जाताना ती रेषा ओलांडली की वार गळत नाही, तोच वार पुन्हा येतो. लाज वाटू दे जरा, तुला तर बुधवार दोनदा मिळाला होता!"