धुराच्या बाजूची जागा

हेरिमने डोळे पुसले तरी पाणी थांबेना. शेकोटीभोवती बसायचे ते मानाप्रमाणे. सर्वांत खोल बुडी मारणाऱ्या बायका वाऱ्याच्या बाजूला आणि नवशिकी धूर जाईल तिकडे. वर्षभर ती धुरातच बसत आली होती.

सोलच्या बँकेतली नोकरी सोडून ती जेजू बेटावर आली, समुद्राच्या तळाचे शंखशिंपले काढायला शिकू लागली, तेव्हा आईने बोलणे टाकले. आज तिला सभासद करून घ्यायचे की नाही हे ठरवायला बुडी मारणाऱ्या बायकांच्या मंडळाची बैठक होती. एकीनेही नकार दिला की संपले. मंडळात नसलेल्या बाईला या किनाऱ्यावर पाण्यात उतरता येत नाही, आणि बँकेत तिची खुर्ची कधीच भरली गेली होती.

मंडळातल्या बाकीच्या बायका सत्तरी ओलांडलेल्या आज्या; त्या तिच्यावर माया करत. धास्ती होती ती सुनोक मावशीची. मावशी मंडळाची प्रमुख, पन्नाशीची, म्हणजे इथल्या हिशेबाने ऐन तारुण्यातली. तिच्याएवढे खोल कुणी जात नसे, त्या आज्यांतली तिची सख्खी आईसुद्धा नाही. आणि ही मावशी महिनाभर हेरिमच्या मागे हात धुऊन लागली होती. राजीनामा देताना साहेबाला काय म्हणालीस? आईला आधी सांगितलंस की नंतर? नव्या कामावर वयस्कर माणसाला हसतात का? जाळी दुरुस्त करताना, लसूण सोलताना, प्रश्न चालूच.

हेरिम मुलाखती देत देतच बँकेत वर चढली होती. परीक्षा तिला लगेच ओळखू येई. तिने उत्तरे घोटून ठेवली: समुद्राची ओढ, मोकळी हवा. ती ऐकली की मावशी तोंड वाकडे करून उठून जाई.

आज बाकीच्या जमायच्या आधी शेकोटीपाशी दोघीच होत्या.

"अजून भीती वाटते का गं?" मावशीने विचारले.

"नाही मावशी, आता सवय झाली."

"पोपटपंची नको. खरं सांग."

हेरिमचा धीर सुटला. गेले तर गेले.

"रोज वाटते. पाण्यात उतरायच्या आधी किनाऱ्यावर उगाच रेंगाळते. तुम्ही हसता तेव्हा वाटतं, कुठून ही दुर्बुद्धी सुचली. दोनदा विमानतळावरून परत आलेय."

"मग गेली का नाहीस?"

"बँकेत भीती नव्हती, पण सकाळी उठावंसंही वाटायचं नाही. इथं घाबरत उठते, पण उठते."

मावशी शेकोटीकडे वळली. लाकडे आत सारत राहिली. आपण स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेतला, असे हेरिमला वाटले.

बैठक झटपट आटोपली. आज्यांनी माना डोलावल्या आणि सगळ्या मावशीकडे बघू लागल्या. मावशीने आधी आपल्या आईकडे पाहिले. मग म्हणाली, "माझा होकार." हेरिम तिथेच रडली. कुणीतरी तिच्या हातात भाजलेले रताळे कोंबले.

बायका पांगल्यावर मावशीने तिला वाटेत गाठले. हेरिमने वाकून आभार मानले आणि परीक्षेत पास केल्याबद्दल जन्मभर ऋणी राहीन म्हणाली.

"कसली परीक्षा?" मावशीने इकडेतिकडे पाहिले आणि आवाज खाली आणला. "सोमवारपासून मला समुद्रापलीकडे बुसान शहरात बस चालवायची नोकरी लागलीय. घरी चल, माझ्या आईला सांगताना माझ्या शेजारी बस."