नाट लागू नये म्हणून

"बूड हलवलंस तर याद राख," फिदेन्सिओ म्हणाला.

"पाचव्या डावापासून दाबून बसलोय रे," आर्नुल्फो कळवळला. "माणसाने सोसायचं तरी किती?"

"अजून तीन डाव सोस. मग सगळं मैदान तुझंच."

बेसबॉलच्या मैदानावर राखीव पिचरांची, म्हणजे चेंडू टाकणाऱ्यांची, ती जागा म्हणजे उजव्या कुंपणाला लागून केलेला जाळीचा पिंजराच. वर पत्रा, खाली बाक, खांबावर टेलिफोन, आणि दाराला बाहेरून कडी. डिसेंबर असला तरी सोनोरातलं दुपारचं ऊन पत्र्यातून थेट टाळूवर उतरत होतं. नवांपैकी सहा डाव झाले होते आणि पाहुण्या संघाला नाबोरच्या चेंडूवर एकही हिट, एकही धड फटका, मिळाला नव्हता. असं काही चाललं असलं की त्याचं नाव घ्यायचं नाही, पिचरशी बोलायचं नाही, त्याच्याजवळ बसायचं नाही, आणि जो जिथे बसलाय त्याने तिथून उठायचं नाही. नाट लागते. सान रेमिहिओ गावातल्या शेंबड्या पोरालाही हे ठाऊक असतं.

फिदेन्सिओला तर आज नाट परवडणारच नव्हती. हंगामाचा शेवटचा रविवार, हरलं की गाशा गुंडाळायचा. चार राखीव पिचरांपैकी दोघांचे हात गळ्यात बांधलेले, आर्नुल्फोच्या खांद्यावर बर्फाची पिशवी. उरला तो फिदेन्सिओ, आणि तो सलग तीन दिवस चेंडू टाकून पार पिळवटून गेला होता. सकाळी त्याला केससुद्धा विंचरता आले नव्हते. डॉक्टरांनी सरळ सांगितलं होतं, "आज टाकलास तर यापुढे चमचाही डाव्या हाताने धरायला शिक." नाबोर थांबला की फिदेन्सिओला उठावंच लागणार होतं. नाबोरने एकट्यानेच गड राखावा म्हणून त्याने ग्वादालुपेच्या माउलीला मेणबत्त्याही कबूल केल्या होत्या.

नाबोर त्याचा सख्खा धाकटा भाऊ. चेंडू कसा धरायचा हे त्याला फिदेन्सिओनेच शिकवलेलं.

सातवा डावही कोरा गेला. परतताना नाबोर मध्येच थांबला, पिंजऱ्याकडे वळला आणि त्याने डाव्या तळव्याने उजव्या कोपरावर दोनदा थाप मारली.

आर्नुल्फो खो खो हसला आणि लगेच ओटीपोट धरून गप्प झाला. "हसवू नका रे मला! बघ, सख्खा भाऊ तुला चिक्कू म्हणतोय."

कोपरावर थाप म्हणजे चिक्कू, त्या मुलखात हे कुणाला सांगावं लागत नाही. गुरुवारी फिदेन्सिओने अकरा जणांना जेवायला बोलावलं होतं, आणि निखाऱ्यावर भाजायला मांस आणलं होतं दीड किलो. तेव्हापासून बसचा ड्रायव्हरसुद्धा त्याला कोपर दाखवत होता.

"दीड किलो!" आर्नुल्फो म्हणाला. "माझ्या वाट्याला नुसता धूर आला."

"मग धुराचे पैसे मागितले का मी?"

फिदेन्सिओने भावाला लांबूनच मूठ दाखवली. थांब, बघतो तुला.

आठव्या डावात नाबोर संथ, वळणारे चेंडू टाकू लागला. वेगाचा एकही नाही. समोरचे चक्रावले आणि उतावळेपणाने झेल देत गेले.

"पोरगं डोकं वापरतंय," आर्नुल्फो म्हणाला.

"भाऊ कुणाचा आहे!"

डाव संपल्यावर नाबोर पुन्हा थांबला. पुन्हा कोपर. या खेपेला तो जरा जास्तच वेळ पिंजऱ्याकडे बघत राहिला. मग संघाच्या बाकावर जाऊन बसला. त्याच्या दोन्ही बाजूंना चार-चार माणसांची जागा मोकळी होती.

टेलिफोन वाजला. बसल्या जागेवरून फिदेन्सिओने डाव्या हाताने तो उचलला. उजवा तेवढा वर जातच नव्हता.

पलीकडे प्रशिक्षक डॉन अबुंदिओ होते. ते कुजबुजत होते. "फिदे, मला त्याला काही विचारता येत नाही. कळतंय ना?"

"कळतंय, डॉन अबुंदिओ."

"पाठ फिरवून उभा आहे मी. तू त्याला पाळण्यापासून ओळखतोस. ठीक आहे ना पोरगा? जराशी शंका असेल तरी सांग. मग तू ऊठ आणि हात मोकळा करायला लाग."

फिदेन्सिओचा खांदा नुसत्या ऐकण्यानेच ठणकला. त्याने जाळीतून पाहिलं. एवढ्या लांबूनही नाबोर त्याच्याकडेच बघत होता आणि कोपर थोपटत होता.

"अहो, मला चिक्कू म्हणतोय तिथून," फिदेन्सिओ म्हणाला. "थट्टा सुचतेय म्हणजे ठणठणीत आहे. त्याला अजिबात काढू नका."

टेलिफोन ठेवल्यावर त्याला इतकं हलकं वाटलं, की त्याची थोडी लाजच वाटली.

नववा, शेवटचा डाव. एक-शून्यची आघाडी. पहिला बाद, दुसरा बाद, आता एकच हवा. तिसऱ्याने चेंडू उंच उडवला. तो खाली येईस्तोवर पिंजऱ्यात कुणी श्वास घेतला नाही. झेल बसला आणि सगळं मैदान उसळलं. कुणीतरी कडी काढली. आर्नुल्फो मागे वळून न बघता संडासाकडे पळाला.

फिदेन्सिओ भावाकडे धावला. गर्दीतून वाट काढत, हसत, आपल्याच कोपरावर थापा मारत तो त्याच्यापर्यंत पोचला.

"आता बोल, लेका! आज अख्खा बैल भाजतो तुझ्यासाठी!"

त्याने नाबोरला मिठी मारली, आणि लोकांना दिसावा म्हणून त्याचा उजवा हात धरून वर उचलला.

नाबोर किंचाळला. बाहीखाली कोपर सुजून दुप्पट झालं होतं. त्याच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं, आणि भोवतालची माणसं ते आनंदाचं समजून टाळ्या पिटत होती.

"सातव्या डावापासून सांगतोय तुला, दादा," तो म्हणाला. "तू उठलाच नाहीस."